सोनाराची तार आणि अर्धशिशी

मालगुंडात कान टोचायला कारण लागत नाही. बारशाच्या दिवशी, नाहीतर पुढे एखादा बरा दिवस बघून सोनार घरी येतो, बाळाच्या पाळीत तार घालतो, शिधा-नारळ आणि दक्षिणा घेऊन जातो. का टोचायचे, तर टोचतात म्हणून. अलीकडे मात्र कारणं ऐकू येऊ लागली आहेत. गणपतीपुळ्याला आलेली आणि इथे मुक्कामाला उतरलेली पाहुणी मंडळी असोत, की मे महिन्यात मुंबईहून घरी आलेल्या पोरी असोत, एखादीच्या कानात, भोकाच्या अगदी तोंडाशी असलेल्या घडीत, बारीक रिंग दिसते. विचारलं की उत्तर येतं, ‘मायग्रेनसाठी.’ कुणी म्हणतं, ‘अँग्झायटीवर चांगली असते.’ ओटीवर बसलेली जुनी माणसं लगेच दुजोरा देतात, ‘अगो, आपल्याकडे पूर्वीपासून आहेच की हे. उगाच का कान टोचतात?’

यात दोन दावे आहेत. कानातल्या रिंगेने डोकेदुखी आणि धास्ती कमी होते, हा एक. आपल्या पूर्वजांनी त्यासाठीच कान टोचून घेतले, हा दुसरा. माझं मत आधीच सांगून टाकते. कानाच्या काही भागांना छेडलं तर मेंदूपर्यंत त्याची खबर जाते आणि दुखण्यावर परिणाम होऊ शकतो, इथवर खरं आहे. तो परिणाम कायमच्या रिंगेने होतो, याला म्हणावा असा पुरावा नाही. आणि यात सुश्रुताला साक्षीला बोलावणाऱ्यांनी सुश्रुत उघडून पाहिलेला नाही.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्यावर आणि फाटलेल्या पाळ्या जोडण्यावर आहे. टोचायची कारणं तो दोनच देतो, बाळाचं रक्षण आणि भूषण. बाळाला झपाटणारे बालग्रह हेही आजाराचं कारण मानलं जाई, त्या काळातलं हे रक्षण. वय सहावा किंवा सातवा महिना. बाळाला मांडीवर घ्यायचं, खेळण्यांनी भुलवायचं, वैद्याने डाव्या हाताने कान ओढून सूर्याच्या उजेडात पाळीतली नैसर्गिक पातळ जागा हेरायची आणि सरळ टोचायचं. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. मग तेलात भिजवलेली कापसाची वात घालायची आणि दर तिसऱ्या दिवशी ती थोडी जाड करत जायची. आता गंमत बघा. जागा चुकून शीर विंधली गेली तर काय होतं, हेही तो सांगतो. कालिका, मर्मरिका आणि लोहितिका अशा तीन शिरांची नावं देतो. लोहितिका विंधली गेली तर मान आखडणं, आचके, कानशूळ आणि शिरोग्रह, म्हणजे डोकं धरणं. डोकेदुखी या अध्यायात आहे खरी, पण फायद्यांत नव्हे, चुकलेल्या टोचणीच्या दुष्परिणामांत.

उपचार म्हणून कानाजवळ टोचण्याचा एक उल्लेख सुश्रुतात सापडतो, तो चिकित्सास्थानात, आणि तो डोकेदुखीसाठी नाही. अंत्रवृद्धी, म्हणजे आपण ज्याला हर्निया म्हणतो त्याच्या जवळपासचा विकार, बरा व्हावा म्हणून शंखाच्या, म्हणजे कानशिलाच्या, वर, कानाच्या शेवटाला, ज्या बाजूचा विकार त्याच्या उलट बाजूची शीर विंधावी असं तिथे सांगितलं आहे. कानाच्या वरच्या कडेला भिकबाळी घातली की हर्निया होत नाही, ही समजूत तिथूनच झिरपत आली असावी. पाडव्याच्या शोभायात्रेत ढोल वाजवणाऱ्या पोरांना हे कुणी सांगितलं तर ती हसतील. त्यांना भिकबाळी पेशवाईची वाटते आणि छान दिसते, एवढंच पुरेसं आहे. दागिना म्हणून घातलेल्या दागिन्याशी माझं काही भांडण नाही.

नाथपंथीयांचे फाटलेले कान हा आणखी एक दाखला लोक देतात. दीक्षेच्या वेळी कानाच्या मधली कूर्चा चिरून मोठी कुंडलं घालणाऱ्या कानफाट्या जोग्यांविषयी जॉर्ज ब्रिग्ज यांनी १९३८ साली मोठा ग्रंथ लिहिला. ही चीर योगसाधनेला मदत करणाऱ्या एका नाडीवर जाते, अशी त्या पंथाची समजूत त्यात नोंदलेली आहे. पण ती साधनेची गोष्ट झाली. पाठदुखी थांबावी म्हणून कुणी कान फाडून घेतले नव्हते.

मग ‘कानावर साऱ्या शरीराचे बिंदू असतात’ हे कुठून आलं? चीनमधून, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते आलं फ्रान्समधून. १९५० च्या सुमाराला ल्यों शहरातले डॉक्टर पॉल नोजिए यांच्याकडे येणाऱ्या काही रोग्यांच्या कानावर, ठरावीक जागी, डाग दिल्याचा व्रण दिसे. मार्सेयमधली एक वैदू बाई सायटिकासाठी कानाला डाग देई आणि रोगी म्हणत, कळ गेली. आपल्याकडे काविळीला दंडावर डाग देणारे होते, तसलाच प्रकार. नोजिए यांनी त्याची टर उडवली नाही, स्वतः करून पाहिलं, आणि कान म्हणजे उलटं झोपलेलं अर्भक अशी कल्पना करून त्यावर डोकं, पाठ, गुडघा यांच्या जागा आखल्या. पाळीत डोकं, वरच्या कडेकडे पाय. हा नकाशा १९५७ मध्ये एका जर्मन नियतकालिकात छापून आला आणि पुढच्याच वर्षी चिनी भाषेत गेला. चिनी वैद्यांनी तो उचलला, वाढवला, आणि जगाला परत दिला तो ‘प्राचीन’ म्हणून.

इथे आपला एक धागा जुळतो. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांबरोबर १९३८ मध्ये जे पाच जणांचं वैद्यकीय पथक चीनला गेलं, त्यात डॉ. बिजयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले, त्यांचा ॲक्युपंक्चरच्या सुयांशी काही संबंध नाही. बसू मात्र पुढे १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्याला परतून त्यांनी ते भारतात रुजवलं. आज महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे, २०१५ चा महाराष्ट्र ॲक्युपंक्चर उपचारपद्धती अधिनियम. कानात सुई टोचणं म्हणजे चोरून करायची गोष्ट राहिलेली नाही. पण कायद्याने एखाद्या पद्धतीची नोंदणी होते, तिचा गुण सिद्ध होत नाही, हे आपण फार पटकन विसरतो.

आता कानाकडे जाऊ. कान कोरताना मध्येच ठसका लागतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. कानात काडी आणि खोकला घशात, हे कसं? मेंदूतून निघून घसा, हृदय, फुप्फुसं, आतडी असा थेट पोटापर्यंत उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू आहे. त्याचा एक बारीक फाटा कानात येतो. फ्रीडरिश आर्नल्ड या जर्मन शरीरशास्त्रज्ञाचं नाव त्याला आणि त्या ठसक्याला मिळालेलं आहे. त्वचेवर येणारा व्हेगसचा हा एकच फाटा, म्हणून संशोधकांचा सगळा डोळा कानावर. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन शवविच्छेदनाच्या अभ्यासात कानाच्या वाटीचा वरचा खोलगट भाग पूर्णपणे या फाट्याच्या ताब्यात असल्याचं दिसलं. पुढच्या बाजूला ट्रायजेमिनल मज्जातंतूची शाखा येते, आणि अर्धशिशीच्या कळा वाहून नेणारा मज्जातंतू तोच. पाळीचं काय? पाळीची संवेदना मानेतून, दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरून येणाऱ्या मज्जातंतूकडे आहे. म्हणजे बारशाला टोचलेली पाळी व्हेगसच्या गावीही नसते. ‘कान टोचल्याने व्हेगस जागी होते आणि मूल शांत होतं’ असे फलक फिरत असतात, त्यांचा निकाल इथेच लागला.

मुंबईच्या पोरींच्या कानातली ती रिंग डाइथ नावाने ओळखली जाते. वाटीच्या वर, भोकाकडे वळणाऱ्या कूर्चेच्या घडीतून ती जाते. ही जागा दागिन्यासाठी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत प्रचारात आली. मायग्रेनचा गुण तिला चिकटला तो जवळजवळ वीस वर्षांनी. या घडीत वेगवेगळ्या मज्जातंतूंचे फाटे मिसळलेले असतात, त्यामुळे व्हेगसचा युक्तिवाद पाळीपेक्षा इथे थोडा तरी उभा राहतो. पण फारच थोडा. कारण व्हेगसला छेडून उपचार करण्याची जी शास्त्रीय साधनं आहेत, ती विजेचे ठोके देतात, ठरावीक वेगाने, ठरावीक वेळ. मानेत बसवायचं यंत्र अमेरिकेत १९९७ मध्ये फेफऱ्यासाठी मंजूर झालं, २००५ मध्ये हट्टी नैराश्यासाठी. मानेवर बाहेरून धरायचं यंत्र तिथेच २०१७ पासून क्लस्टर डोकेदुखीसाठी आणि नंतर मायग्रेनसाठीही वापरलं जाऊ लागलं. रिंग यातलं काहीच करत नाही. जखम भरली की ती गप्प पडून राहते आणि मज्जातंतूला तिची सवय होते. चष्मा नाकावर असल्याचं तासाभराने जाणवेनासं होतं ना, तसंच.

कानावर वीज देऊन केलेला एक प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. जर्मनीत दीर्घकालीन मायग्रेनच्या ४६ रोग्यांवर तो झाला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला सेकंदाला २५ ठोके, दुसऱ्याला तुलनेसाठी म्हणून सेकंदाला फक्त एक. अपेक्षा अशी की पहिल्या गटाला गुण येईल. झालं उलटं. एक ठोका मिळालेल्यांचे डोकेदुखीचे दिवस महिन्याकाठी सरासरी सात कमी झाले, पंचवीसवाल्यांचे साधारण तीन. मंद ठोकाच खरा औषधी, की नुसता विश्वास आणि रोजची शिस्त यांनीच काम केलं? एवढ्या लहान प्रयोगातून सांगता येत नाही. विजेच्या मोजलेल्या मात्रेची ही कथा, तर बिनमात्रेच्या रिंगेविषयी छातीठोक बोलणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

डाइथविषयी थेट पुरावा काय? कुठल्याही औषधाला दाद न देणारं मायग्रेन असलेल्या एका ५४ वर्षांच्या माणसाला रिंगेनंतर आराम पडल्याची नोंद इटलीतल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. हा केवळ मनाचा परिणामही असू शकेल, असं त्यांनी स्वतःच लिहिलं. बाकी सगळे स्वानुभव.

स्वानुभव मी हलक्यात घेत नाही, पण अर्धशिशीची चाल माहीत असली की त्यांचं वजन कळतं. औषध न घेता एक झटका ४ ते ७२ तास टिकतो आणि मग आपोआप ओसरतो. आमच्याकडे कपाळाला सुंठ उगाळून लावतात, पहाटे सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायला घालतात, नाकात तुपाचे थेंब सोडतात. ज्या उपायानंतर झटका ओसरला, श्रेय त्याला मिळतं. महिन्यांच्या हिशेबातही तेच. माणूस कान टोचून घ्यायला जातो तो सगळं करून थकल्यावर, म्हणजे दुखणं ऐन भरात असताना. त्यानंतर ते काही काळ उतरणारच होतं.

दुसरी गोष्ट सुईची. जर्मनीतच ३०२ रोग्यांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मायग्रेनसाठी ॲक्युपंक्चर घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के लोकांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्याने घटले. मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर सुया टोचलेल्यांत हेच प्रमाण ५३ टक्के निघालं. नुसत्या वाट पाहणाऱ्यांत १५ टक्के. या तीन आकड्यांत सगळा प्रश्न आला. सुई टोचली तर गुण येतो, आणि तो काही थोडाथोडका नाही. पण बिंदू कुठला याने फरक पडत नाही. पुढे २०१३ मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा मायग्रेनमध्ये खोट्या गोळीपेक्षा खोट्या सुईला आणि खोट्या सुईपेक्षाही खोट्या शस्त्रक्रियेला जास्त गुण येताना दिसला. जितका मोठा सोहळा, जितकी कळ, जितका खर्च, तितका मेंदू स्वतःचं अफूसारखं वेदनाशामक सढळ हाताने सोडतो. ही बुवाबाजी नव्हे. दाढ काढलेल्या रोग्यांवर १९७८ मध्ये झालेल्या प्रयोगात अफूविरोधी औषध दिल्यावर असा मनाचा आराम नाहीसा झाला होता, म्हणजे शरीरात खरोखर काहीतरी स्रवत होतं. कूर्चेतून सुई घालून घेणं हा सोहळाच आहे. मग काही महिने बरं वाटलं तर नवल नाही.

धास्तीच्या बाबतीत चित्र थोडं बरं आहे, पण सुयांपुरतं, रिंगेपुरतं नाही. येल विद्यापीठातल्या भूलतज्ज्ञांनी २००१ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर कानातल्या ‘रिलॅक्सेशन’ बिंदूची तुलना दुसऱ्या बिंदूशी केली, आणि तिथे सुई असलेल्यांची चिंता थोडा वेळ जास्त उतरली. शस्त्रक्रियेच्या आधीची धडधड कमी करायला कानातल्या सुया उपयोगी पडतात, असे पुढेही काही लहान प्रयोग झाले. अमेरिकी सैन्यात रिचर्ड नीम्त्झो या डॉक्टरांनी २००१ पासून, दुखण्यावर उपाय म्हणून, कानाच्या पाच बिंदूंवर बारीक सोन्याच्या सुया बसवण्याची पद्धत आणली. त्या काही दिवसांनी आपोआप गळतात. रिंगेच्या सर्वांत जवळ येणारा प्रकार हाच, पण तोही तात्पुरता. न्यूयॉर्कमध्ये व्यसनमुक्तीसाठी कानात पाच सुया टोचण्याची पद्धत तर जगभर गेली. कोकेनच्या ६२० व्यसनींवर तिची नीट परीक्षा झाली आणि २००२ मध्ये निकाल आला, की भलत्या जागी टोचलेल्या सुया आणि नुसता विश्रांतीचा वेळ यांपेक्षा तिचा जास्त उपयोग नाही. शांत खोलीत अर्धा तास डोळे मिटून बसायला मिळणं, हेच त्यातलं मोठं औषध असावं अशी मला शंका आहे.

फायदा धूसर असला तरी तोटा नसेल तर करून बघायला काय हरकत आहे, असं कुणी म्हणेल. पाळीपुरतं ते पटतं. सोनाराचं काम जवळून पाहिलं तर कळतं का ते. तार सोन्याची, दोऱ्याइतकी बारीक, एक टोक तिरपं कापून धार केलेली. बाळाची पाळी तो बोटांत धरतो, उजेडाकडे वळवून बघतो, सुश्रुताने सांगितलं तसंच, आणि तार आरपार करून दोन्ही टोकांना पीळ देतो, पिळाची बोचरी बाजू दाबून आत करतो. बाळाचं रडू फुटेपर्यंत हात दुसऱ्या कानाशी. आईला बहुधा माजघरात पाठवलेलं असतं. मग खोबरेलात कालवलेली हळद. पाळीत कूर्चा नाही, नुसती त्वचा आणि चरबी, रक्तपुरवठा भरपूर, दीड-दोन महिन्यांत जखम भरून येते. इथे सूचना एकच करावीशी वाटते. धनुर्वाताची पहिली लस बाळाला सहाव्या आठवड्याला मिळते, तिसरी चौदाव्याला. बाराव्या दिवशी त्याचा भरवसा फक्त आईने गरोदरपणी घेतलेल्या इंजेक्शनवर असतो. सुश्रुताचा सहावा महिना पाळला तर तिन्ही लसी होऊन गेलेल्या असतात. परंपरा पाळायचीच, तर ही पाळा.

कूर्चेची गोष्ट वेगळी. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नाही, वरच्या पातळ आवरणातून मिळेल तेवढ्यावर ती जगते. सूक्ष्मजंतू शिरले, आवरण सुजून सुटलं, की ती उपाशी मरते. माझ्या नात्यातल्या एका मुलीचा कान गेल्या पावसाळ्यात असा झाला. डाइथ टोचून महिना झालेला, वरचा सगळा कान लालभडक, तापलेला, पुढे झुकलेला, आणि खाली पाळी मात्र अगदी नेहमीसारखी गोरी. डॉक्टरांनी लांबूनच ओळखलं. पाळीत कूर्चा नसते म्हणून ती सुटते, हीच खूण. अशा दाहाला बहुतेकदा स्यूडोमोनास जंतू कारण असतो. त्याला ओल आवडते, आणि साध्या प्रतिजैविकांना तो जुमानत नाही. तिचा कान वाचला. उशीर झाला असता तर कूर्चा विरघळून तो पहिलवानाच्या कानासारखा चुरगळला असता. खराट्याची काडी घालून ठेवणं, समुद्राचं पाणी ‘चांगलं असतं’ म्हणून लावणं, हे पाळीला एक वेळ खपतं, कूर्चेला नाही. तिथली जखम भरायला सहा महिने ते वर्ष लागतं. आपल्या कातडीत गाठीसारखा व्रण, केलॉइड, वाढण्याची प्रवृत्तीही बरीच. टोचायचं पिस्तूल नीट निर्जंतुक करता येत नाही आणि कूर्चेला तडा देतं. तिथे एकदाच वापरायची पोकळ सुई हवी.

कर्नाटकातल्या एका मोठ्या पाहणीत वर्षभरात चारातल्या एकाला मायग्रेन आढळलं होतं. आपल्याकडेही ते काही कमी नसावं, पण त्याला आजार म्हणून डॉक्टरकडे नेण्याची पद्धत नाही. बायका तर ‘पित्त झालंय’ म्हणून डोक्याला फडकं बांधून चुलीपुढे उभ्या राहतात आणि दुकानातून आणलेल्या गोळ्या खात राहतात. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी जडू शकते. झटका सुरू होताच घ्यायची ट्रिप्टान गटातली औषधं आणि झटके कमी करणारी प्रोप्रॅनोलॉल, ॲमिट्रिप्टिलीन ही स्वस्त औषधं आपल्याकडे मिळतात, फक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायची. अचानक, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, हातापायाची शक्ती जाणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी असेल तर रिंगही नको आणि जिलेबीही नको, गाडी करून थेट रत्नागिरी. धास्तीसाठी १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आणि ज्यांनी रिंग घातलीच आहे, जखम भरली आहे, त्रास नाही, त्यांनी ती काढायची गरज नाही. एमआरआयला जाताना तेवढी काढून घरी ठेवावी, आणि चालू असलेली औषधं तिच्या भरवशावर बंद करू नयेत.